शरीराकृतिमापन

शरीराकृतिमापन : उंची, वजन आणि शरीराच्या ठराविक भागांचे घेर यांसारख्या साध्या मापनांवरून मानवी शरीराची ठेवण, तीमधील चरबीची वाटणी व पोषणाची स्थिती ठरविण्याच्या पद्धतीस शरीराकृतिमापन म्हणतात. मानवी शरीराच्या मापनाचे जे शास्त्र म्हणजे मानवमिती, तिची ही व्यावहारिक शाखा होय. तिच्यासाठी लागणारी साधने अगदी मोजकी आहेत : न ताणली जाणारी फीत, वजनकाटा आणि भिंतीवर आखलेली उंचीची पट्टी. शिंपी कपडा बेतण्यासाठी, वैद्य रोगाचा संभव जोखण्यासाठी आणि अंगणवाडी सेविका बालकाचे पोषण तपासण्यासाठी हीच मापने घेतात. माप तेच असले, तरी त्याचा अर्थ ते कोणत्या मानकाशी ताडून पाहिले जाते यावर अवलंबून असतो. एका समाजातील लोकांवरून ठरविलेले मानक दुसऱ्या समाजाला जसेच्या तसे लावल्यास निष्कर्ष चुकू शकतो. भारतीयांच्या बाबतीत ही गोष्ट विशेष महत्त्वाची ठरली आहे.

इतिहास : शरीराची प्रमाणबद्धता मोजण्याची कल्पना प्राचीन आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात रोग्याच्या परीक्षेच्या प्रकारांत ‘प्रमाण’ परीक्षेचा समावेश असून निरनिराळ्या अवयवांची मापे अंगुळांत दिली आहेत. मापाचे अंगुळ ज्याचे त्याचे स्वतःचे धरावयाचे असल्यामुळे हे मान व्यक्तिसापेक्ष ठरते. संपूर्ण शरीराची लांबी ८४ अंगुळे असून दोन्ही हात पसरले असता होणारी रुंदीही तेवढीच असावी, असे तेथे म्हटले आहे. उंची आणि बाहुविस्तार यांतील ही जवळीक आधुनिक मापनांतही आढळते. पाठीला बाक आलेल्या वृद्धाची उंची सरळ मोजता येत नाही, तेव्हा बाहुविस्तारावरून तिचा अंदाज करतात. चरकाने अतिस्थूल व अतिकृश या दोहोंची गणना निंद्य शरीरांत करून मांसाचे प्रमाण सम असलेले शरीर उत्तम मानले आहे.

आधुनिक मापनाचा पाया बेल्जियन ज्योतिर्विद व संख्याशास्त्रज्ञ आडॉल्फ केटले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घातला. प्रौढ व्यक्तींचे वजन साधारणतः उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, असे त्यांना आढळले. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा निर्देशांक दीर्घ काळ केटले यांच्याच नावाने ओळखला जाई. १९७२ मध्ये अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक ॲन्सेल कीझ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आज रूढ असलेले नाव दिले. बीएमआय या संक्षेपाने परिचित असलेला देहवस्तुमान निर्देशांक तो हाच.

विसाव्या शतकात शरीराचे प्रकार पाडण्याचे अनेक प्रयत्न झाले. जर्मन मानसोपचारतज्ञ एर्न्स्ट क्रेचमर यांनी १९२१ मध्ये कृश, पिळदार व स्थूल असे तीन प्रकार कल्पिले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनी १९४० मध्ये गोलाई, स्नायुमयता व सडपातळपणा या तीन घटकांना प्रत्येकी १ ते ७ असे गुण देण्याची पद्धत मांडली. या दोघांनीही शरीराच्या ठेवणीचा संबंध स्वभावाशी जोडला होता. तो पुढील संशोधनात टिकला नाही. शेल्डन यांची पद्धत छायाचित्रे पाहून गुण देण्याची असल्याने तीत परीक्षकाच्या मताला फार वाव होता. बार्बरा हीथ व लिंडसे कार्टर यांनी १९६७ मध्ये तिला मापनांचा आधार दिला. उंची, वजन, त्वचेच्या चार घड्यांची जाडी, कोपर व गुडघा येथील हाडांची रुंदी आणि दंड व पोटरी यांचे घेर अशा दहा मापांवरून गुण काढण्याची त्यांची रीत क्रीडावैद्यकात आजही वापरली जाते.

भारतात मापनाचा उपयोग प्रथम वंश व जाती यांच्या वर्गीकरणासाठी करण्यात आला. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त एच्. एच्. रिझली यांनी नाकाच्या रुंदी-लांबीच्या प्रमाणावरून समाजाची उतरंड लावू पाहिली. हा प्रयत्न आता पूर्णपणे त्याज्य ठरला आहे. महाराष्ट्रात इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधून अनेक जातिजमातींची मापने घेतली. त्यांवर त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासमवेत लिहिलेला ग्रंथ १९५१ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वातंत्र्योत्तर काळात मापनाचा रोख वंशाकडून पोषण व आरोग्य यांकडे वळला.

मापने घेण्याची पद्धती : माप घेताना फीत शरीराला टेकलेली असावी, तथापि ती त्वचेत रुतू नये. घेर मोजताना ती जमिनीला समांतर ठेवावी आणि प्रत्येक माप दोनदा घ्यावे. दोन मापांत १ सेंमी. पेक्षा अधिक फरक पडल्यास ते पुन्हा घेऊन सरासरी काढावी.

उंची अनवाणी मोजतात. टाचा, नितंब व पाठ भिंतीला टेकवून आणि नजर सरळ समोर ठेवून उभे राहावयाचे असते. वजन शक्यतो सकाळी, हलक्या वस्त्रांत व एकाच काट्यावर करावे. छातीचा घेर तिच्या सर्वांत भरलेल्या भागावरून आणि नितंबांचा घेर त्यांच्या सर्वांत रुंद भागावरून घेतात. नितंबांच्या या मापास शिंपी ‘सीट’ म्हणतात.

सर्वाधिक चुका कमरेच्या मापात होतात. शेवटची बरगडी आणि कुशीत हाताला लागणाऱ्या कमरेच्या हाडाची वरची कडा यांच्या मधोमध, सहज श्वास सोडल्यानंतर हे माप घ्यावयाचे असते. परकराची नाडी किंवा विजारीचा पट्टा पुष्कळदा याच्या खाली बांधला जातो. पोट सुटलेल्या पुरुषाचा पट्टा तर पोटाखाली सरकतो आणि विजारीचे माप वर्षानुवर्षे तेच राहते. त्यामुळे कपड्याच्या मापावरून कमरेचा अंदाज करणे चुकीचे ठरते. पोट आत ओढून घेतलेले मापही निरुपयोगी असते.

फीत नसल्यास साधी दोरी पुरते. दोरीवर स्वतःच्या उंचीइतके माप घेऊन ती मधोमध दुमडावी व कमरेभोवती गुंडाळावी. टोके एकमेकांस मिळाली, तर कमर उंचीच्या निम्म्याहून अधिक नाही. ती मिळाली नाहीत, तर पोटावर अतिरिक्त चरबी साचली असल्याचा संभव असतो. महाराष्ट्रात मुलांच्या व पुरुषांच्या कमरेला करदोटा बांधण्याची जुनी चाल आहे. तो सैल पडणे किंवा काचू लागणे ही घरातल्या घरात कळणारी अशीच एक खूण होय.

आकारांचे प्रकार : वस्त्रनिर्मितीत छाती, कमर व नितंब या तीन घेरांतील फरकांवरून आकार ठरवितात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात स्त्रियांच्या मापांसाठी विकसित झालेल्या पद्धतीत सु. ९ सेंमी. हा फरक निर्णायक मानला आहे. नितंब छातीपेक्षा ९ सेंमी. वा अधिक मोठे असून नितंब व कमर यांतील फरक २३ सेंमी. पेक्षा कमी असल्यास आकार त्रिकोणी होय. छाती नितंबांपेक्षा तेवढीच मोठी असून छाती व कमर यांतील फरक २३ सेंमी. पेक्षा कमी असल्यास तो उलट्या त्रिकोणाचा होतो. छाती व नितंब जवळजवळ सारखे असून कमर त्यांच्यापेक्षा सु. २३ ते २५ सेंमी. ने लहान असल्यास आकार वाळूच्या घड्याळासारखा असतो. तिन्ही घेरांत मोठा फरक नसल्यास तो आयताकृती समजला जातो. यांखेरीज काही मधले प्रकारही मानले जातात. तयार कपड्यांचे कारखाने बहुधा वाळूच्या घड्याळाचा आकार गृहीत धरून बेत करीत असले, तरी प्रत्यक्ष मापनांत आयताकृती ठेवणच अधिक आढळली आहे. तयार कपडा छातीला बसला तर कमरेला बसत नाही, या सार्वत्रिक तक्रारीचे हे एक कारण आहे. भारतीयांसाठी स्वतंत्र मापश्रेणी तयार करण्याकरिता राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने मुंबईसह सहा शहरांत त्रिमितीय यंत्रांनी मापने घेण्याचा प्रकल्प हाती घेतला.

वैद्यकाच्या दृष्टीने मात्र आकाराचा प्रश्न वेगळा आहे. चरबी किती आहे याइतकेच ती कोठे आहे हे महत्त्वाचे असते, ही गोष्ट फ्रेंच वैद्य झां व्हाग यांनी १९४७ मध्ये निदर्शनास आणली. पोटाभोवती चरबी साचलेल्यांत मधुमेह व हृद्रोग यांचे प्रमाण अधिक असते, तर नितंब व मांड्या यांवरील चरबी तुलनेने निरुपद्रवी असते. पोटातील आंत्रांभोवतीच्या चरबीतून सुटणारी वसाम्ले यकृताकडे जातात आणि इन्शुलिनाच्या कार्यात अडथळा येतो, हे त्याचे एक कारण सांगितले जाते.

निर्देशांक व त्यांचे अर्थ : कमर व नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर पुरुषांत ०·९० आणि स्त्रियांत ०·८५ किंवा त्याहून अधिक असणे जागतिक आरोग्य संघटनेने धोक्याचे मानले आहे. भारतीयांसह दक्षिण आशियाई लोकांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. धरतात. कमर व उंची यांचे गुणोत्तर ०·५ च्या आत असावे, हा नियम स्त्री-पुरुष दोघांनाही लागू पडतो व लक्षात ठेवण्यास सोपा आहे.

देहवस्तुमान निर्देशांक १८·५ पेक्षा कमी असल्यास व्यक्ती अल्पवजनी समजली जाते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात २५ पासून अतिवजन व ३० पासून स्थूलता सुरू होते. भारतीयांना हे आकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे दिसून आल्यामुळे २००९ मध्ये भारतीय तज्ञांच्या सहमतीने २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता मानावी असे ठरविण्यात आले.

निव्वळ वजन किती फसवे असते, हे पुढील उदाहरणावरून कळेल. दोन स्त्रियांची उंची १६० सेंमी. व वजन ५८ किग्रॅ. आहे असे समजू. दोघींचा देहवस्तुमान निर्देशांक सु. २२·७ म्हणजे स्वाभाविक मर्यादेत येतो. पहिलीची छाती ८८, कमर ७६ व नितंब ९८ सेंमी. आहेत. तिचे कमर-नितंब गुणोत्तर ०·७८ व कमर-उंची गुणोत्तर ०·४८ भरते. तिचा आकार त्रिकोणी आहे. दुसरीची छाती ९२, कमर ८६ व नितंब ९४ सेंमी. आहेत. तिची गुणोत्तरे अनुक्रमे ०·९१ व ०·५४ येतात आणि आकार आयताकृती ठरतो. केवळ काट्यावर दोघी सारख्या असल्या, तरी दुसरीने रक्तशर्करा व रक्तदाब तपासून घेणे इष्ट होय.

ही केवळ कल्पना नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील मधुमेहतज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे वैद्य जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आपल्या दोघांचेच उदाहरण दिले. दोघांचाही देहवस्तुमान निर्देशांक २२·३ होता. परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१% तर याज्ञिक यांच्यात २१·२% आढळले. हाडापेराने बारीक पण चरबीने भरलेली अशी ही भारतीय ठेवण जन्मापासूनच असते, हे पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून सुरू झालेल्या मातृपोषण अभ्यासातून दिसून आले. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. तर इंग्लंडमधील साउथॅम्प्टन येथील बालकांचे सु. ३·५ किग्रॅ. होते. भारतीय बालकांत स्नायू व पोटातील इंद्रिये लहान होती. मात्र पाठीवरील त्वचेखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती.

बालकांचे मापन : बालकाच्या वाढत्या शरीराला प्रौढांचे निर्देशांक लागू पडत नाहीत. त्याचे वजन व उंची वयाशी आणि एकमेकांशी ताडून पाहावी लागते. वयाच्या मानाने उंची कमी असणे म्हणजे खुंटलेली वाढ. ती दीर्घकालीन कुपोषण दर्शविते. उंचीच्या मानाने वजन कमी असणे म्हणजे रोडावलेपणा. तो अलीकडील उपासमार किंवा आजार यांचे लक्षण असतो. दोन वर्षांखालील मुलाची लांबी निजवून व त्यापुढील मुलाची उंची उभे करून मोजतात. २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केलेली वाढीची मानके ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील, अनुकूल परिस्थितीत वाढलेल्या मुलांच्या मापनांवर आधारलेली आहेत. योग्य पोषण व आरोग्य लाभल्यास पाच वर्षांपर्यंतची मुले सर्वत्र जवळजवळ सारखीच वाढतात, हा त्यांतून निघालेला निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ‘आमच्याकडची मुले अंगानेच लहान’ या समजुतीला त्यामुळे आधार उरत नाही.

सर्वांत सोपे माप दंडाच्या मध्याच्या घेराचे. डावा हात सैल सोडून खांद्याचे टोक व कोपर यांच्या मधोमध ते घेतात. एक ते पाच वर्षांच्या दरम्यान हा घेर फारसा बदलत नाही. म्हणून जन्मतारखेची नोंद नसली तरी त्याचा उपयोग होतो. हिरवा, पिवळा व तांबडा असे पट्टे असलेली फीत वापरल्यास आकडे वाचता येण्याचीही गरज राहत नाही. अशा रंगीत फितीची कल्पना अदनान शाकिर व डेव्हिड मोर्ले यांनी १९७४ मध्ये मांडली. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११·५ सेंमी. पेक्षा कमी असल्यास ते तीव्र कुपोषित आणि ११·५ ते १२·५ सेंमी. च्या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषित समजले जाते. दोन्ही पायांवर सूज असल्यास मात्र माप काहीही असले तरी बालक तीव्र कुपोषित मानून त्याला तातडीने उपचारासाठी न्यावे लागते, कारण सुजेमुळे वजन फसवे वाढलेले दिसते.

प्रकाशा परिसराचे उदाहरण : या मापनाची दोन्ही टोके एकाच टापूत कशी एकत्र येतात, हे नंदुरबार जिल्ह्यावरून दिसते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात भिल्ल, पावरा, कोकणा, मावची इ. आदिवासी जमातींची बहुसंख्या आहे. शहादा तालुक्यातील प्रकाशा हे गाव तापी व गोमाई यांच्या संगमावर वसले असून ‘दक्षिण काशी’ म्हणून प्रसिद्ध आहे. येथे १९५४-५५ मध्ये बा. कृ. थापर यांनी केलेल्या उत्खननात ताम्रपाषाणयुगापासूनच्या वस्तीचे अवशेष मिळाले. गावाभोवती तापीकाठची काळी, बागायतीस अनुकूल जमीन आहे. उत्तरेस सातपुड्याच्या रांगांत अक्राणी व अक्कलकुवा हे डोंगराळ तालुके आहेत. सखल भागात ऊस, केळी व पपई यांच्या लागवडीने काही घरांत सुबत्ता आली. डोंगरातील अनेक कुटुंबांना मात्र पावसाळी शेती संपल्यावर मजुरीसाठी गुजरातेत व इतरत्र जावे लागते. बालकांच्या कुपोषणाचे प्रमाण राज्यात ज्या जिल्ह्यांत अधिक आहे, त्यांत नंदुरबारची गणना होते.

अशा टापूत एकाच फितीचे दोन उपयोग होतात. अंगणवाडीत ती बालकाच्या दंडाभोवती लावली जाते व तांबडा रंग दिसताच मुलाला पोषण पुनर्वसन केंद्राकडे पाठविण्याचा निर्णय घ्यावा लागतो. कुटुंब स्थलांतर करीत असल्यास वजनाचा आलेख मध्येच खंडित होतो. परंतु दंडाचे माप मूल परतल्याच्या दिवशी, पूर्वीच्या नोंदीवाचूनही बोलके ठरते. गरोदर स्त्रियांच्याही दंडाचे माप घेतात. त्यांत सामान्यतः २१ ते २३ सेंमी. च्या दरम्यानची एखादी मर्यादा धरली जाते. मातेचे कुपोषण हे कमी वजनाच्या बालकाचे एक प्रमुख कारण असल्याने हे माप पुढील पिढीच्याही आरोग्याची सूचना देते.

दुसरा उपयोग प्रौढांच्या कमरेचा. जन्मतः कमी वजनाचे मूल पुढे बैठे काम करू लागले व त्याच्या आहारात तेल, साखर व पांढरे पीठ वाढले, म्हणजे त्याची चरबी प्रथम पोटावर साचते. काट्यावर तो धडधाकट किंवा सडपातळच दिसतो. त्यामुळे मधुमेहाचा संशय त्याला स्वतःला येत नाही व पुष्कळदा वैद्यालाही येत नाही. बालपणी बारीक राहिलेला दंड आणि मध्यमवयात वाढलेली कमर ही परस्परविरुद्ध लक्षणे नसून एकाच कहाणीचा आरंभ व शेवट असू शकतात. म्हणून कुपोषणासाठी प्रसिद्ध असलेल्या जिल्ह्यात प्रौढांची कमर मोजण्याचे काम अनावश्यक समजणे योग्य नव्हे.

मर्यादा : साध्या मापनांवरून रोगाचे निदान होत नाही, केवळ पुढील तपासणीची गरज कळते. गर्भारपणात व जलोदरासारख्या विकारांत कमरेचे माप निरर्थक ठरते. कसलेल्या पहिलवानाचा देहवस्तुमान निर्देशांक स्नायूंमुळे अधिक भरतो, तर वृद्धाचा निर्देशांक स्नायू झिजूनही स्वाभाविक दिसतो. हाडांची रुंदी व खांद्यांची ठेवण पुष्कळशी आनुवंशिक असते आणि ती आहाराने वा व्यायामाने बदलत नाही. त्रिकोणी, आयताकृती इ. नावे कपडा बेतण्याच्या सोयीसाठी आहेत. त्यांपैकी कोणताही आकार दुसऱ्यापेक्षा श्रेष्ठ नाही आणि आकारावरून स्वभाव, बुद्धी किंवा कुल ठरविण्याचे सर्व प्रयत्न निष्फळ ठरले आहेत.

एकट्या मापापेक्षा मापांची मालिका अधिक उपयुक्त असते. प्रौढाने वर्षातून दोनदा, त्याच जागी व त्याच रीतीने घेतलेले कमरेचे माप तारखेसह लिहून ठेवल्यास वजन स्थिर असतानाही होणारा बदल ध्यानात येतो. बालकाच्या बाबतीत हे अंतर महिन्याहून अधिक असू नये, कारण प्रौढाच्या शरीरात वर्षानुवर्षे घडणारा ऱ्हास बालकात काही आठवड्यांतच घडून येतो.